ओढ्याचं तोंड

बुधवारी सकाळी परसू कोष्टी मागावर बसायला गेला आणि खड्ड्यात पाय सोडताच गुडघ्यापर्यंत भिजला. आदल्या दिवशी अर्ध्यावर आलेलं लुगडं मागावर तसंच ताणलेलं होतं आणि त्याच्याखाली गढूळ पाणी हलत होतं. त्याला आधी वाटलं, कौल गळलं असेल. मग शेजारच्या घरातून हाक आली, त्याच्या पलीकडच्या घरातूनही आली. खालच्या आळीतल्या सगळ्या मागांचे खड्डे एकदमच भरले होते, आणि पाणी वरून आलेलं नव्हतं, जमिनीतून आलं होतं.

तो ओल्या धोतरानिशी चौगुल्यांच्या सोप्यात येऊन उभा राहिला तेव्हा मालुबाई आत भाकरी थापत होती. गेले चार दिवस तिच्या चुलीला उसंत नव्हती. दूधगंगा रविवारी पात्राबाहेर पडली होती. पल्याडची रानं दिसेनाशी झाली होती. आणि तिच्या धाकट्या दिरानं, नागोजीनं, नदीकाठानं घातलेला मातीचा बांध ते सगळं पाणी अंगावर घेऊन उभा होता. बांधाच्या आत चौगुल्यांची मळी, नदीकाठची गाळाची जमीन, तशीच हिरवी. भर आषाढातल्या एवढ्या मोठ्या पुरात ती मळी उघडी राहिल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. आडवाडीतलीच काय, सदलग्याकडची माणसंसुद्धा चिखल तुडवत बांध बघायला येत होती, आणि बघून झाल्यावर बांधवाल्यांच्या घरी टेकत होती. आलेल्याला तोंड धुवायला पाणी आणि चतकोर भाकरी द्यायची, ही मालुबाईच्या सासऱ्याच्या वेळेपासूनची रीत. ती मोडायची म्हटलं तरी तिच्यानं मोडवत नव्हती. पाठ मात्र भरून आली होती.

बांध उभा राहून दोन वर्षं झाली होती, पण त्याच्यावरून घरात धुसफूस चालली होती ती त्याच्याही आधी सात-आठ वर्षं. मळीची जमीन कसदार, पण दर पावसाळ्यात नदी तिच्यावर येऊन बसायची, गाळ टाकायची आणि आपल्या सवडीनं निघून जायची. थोरला भाऊ भरमा म्हणायचा, जागा नदीचीच आहे, उरलेले महिने ती आपल्याला कसायला देते एवढंच. नागोजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाच वर्षं काढून आला होता. तिथं त्यानं माळावर, ओढ्याकाठी, जिथं जागा मिळेल तिथं वखारी उठताना बघितल्या होत्या. नदीला अडवलं तर मळीत दोन पिकं निघतील आणि गाडीवाटेला लागून वखार बांधता येईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. निपाणीच्या एका शेठनी तंबाखू ठेवायचं कबूलही केलं होतं. भरमा नाही म्हणत राहिला, नागोजी विचारत राहिला, आणि दोघांच्या मध्ये मालुबाई.

तिला लग्न होऊन आल्यावर चौथ्या वर्षी मोठा पूर आला होता. त्या पुरानंतरच्या तापात सासू गेली आणि दोन वर्षांचा नागोजी तिच्या मांडीवर आला. तिला पुढं दोन मुली झाल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. मुलगा म्हणून तिनं वाढवलं ते या दिराला. त्यामुळं शेवटी तिनंच नवऱ्याकडं शब्द टाकला. नागूचं एकदा ऐका, म्हणाली. भरमा त्यावर दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी चिकोडीला जाऊन संमतीच्या कागदावर सही करून आला. ओव्हरसियर आला, नकाशा झाला, परवाना मिळाला, आणि ज्या ओढ्याचं पाणी इतकी वर्षं मळीतून नदीला मिळत होतं त्या ओढ्याच्या तोंडावरून बांध गेला आणि त्याला खेटून वखार उभी राहिली.

परसूच्या मागोमाग आळीतली आणखी सात-आठ माणसं आली. सोप्यात दाटी झाली. परसू बोलायला कधी आवाज चढवणारा नव्हता. ओढा वरून भरून येतोय, त्याला बाहेर जायला वाट नाही, बांधाखालची मोरी तुंबलीय, असं त्यानं सरळ सांगितलं. उद्यापर्यंत आळीतल्या भिंती भिजून खाली बसतील, तेव्हा बांध फोडावा, एवढंच त्याचं मागणं. नागोजी तोवर बांधावरून आला होता. चार दिवस तो तिथंच होता, डोळे लाल झाले होते. त्यानं सांगितलं की नदी उतरली की मोरीची झडप आपोआप उघडेल, वखारीत दुसऱ्याचा माल आहे, आणि परवान्याचा बांध फोडणं हा गुन्हा आहे. मग सगळ्यांनी भरमाकडं बघितलं. बांधाला पहिल्यापासून नाही म्हणणारा हा एकटाच माणूस.

भरमा म्हणाला, "आज फोडायचा न्हाय."

परसूच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मालुबाईला दाराआडून दिसलं. शेवटी भाऊ भावाच्या पाठीशी, असंच त्याला वाटलं असणार. भरमानं सांगायचा प्रयत्न केला. सकाळीच तो काठी घेऊन बांधावर जाऊन आला होता. माथ्यापासून नदीकडं पाणी दोन हातांवर होतं, आतल्या अंगाला पाच हातांवर. आज बांध फोडला तर आतलं पाणी बाहेर जाणार नाही, बाहेरची नदीच आत येईल. पण आळीतली निम्मी माणसं हे ऐकायला थांबली नाहीत. परसू तेवढा थांबला.

"मग कवा, आण्णा?" त्यानं विचारलं.

"नदी आतल्या पाण्याच्या खाली गेली की. त्याच्या आधी न्हाय आन् त्याच्या मागनंबी न्हाय."

त्या दिवशी खालची आळी रिकामी केली. गुऱ्हाळातली मोठी काहील पाण्यात सोडली आणि तिच्यात म्हाताऱ्या, पोरं, सुताची गाठोडी, कोंबड्या असं भरून दोन गडी कमरेएवढ्या पाण्यातून ती ढकलत वर आणत राहिले. ज्यांना जागा मिळाली ते देवळात गेले, बाकीचे चौगुल्यांकडं आले. सोपा भरला, माजघर भरलं, गोठ्यातली जनावरं उघड्यावर बांधून तिथंही माणसं बसली. मालुबाईनं मोठ्या हंड्यात कण्या शिजत टाकल्या. ढवळता ढवळता तिला उभ्या उभ्या झोप येत होती.

दुपार कलताना तिची जाऊ जयाबाई डोक्यावर ट्रंक आणि काखेत पोर घेऊन आली. वखारीला लागून नागोजीनं दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथं ती दोघं राहत होती. खोल्यांत अजून पाणी नव्हतं. वखार भरावावर होती. पण जयाबाई म्हणाली की तिला तिथं बसवत नाही. दारातून आळीची माणसं काहिलीतून जाताना दिसतात आणि तिच्या घराकडं बघतात. ट्रंक ठेवून तिनं पदर खोचला आणि कुणी सांगायच्या आधी हंड्यापाशी येऊन पळी हातात घेतली. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाली, "आक्का, त्यांनी कालपासनं काय खाल्लं न्हाय. तुमी बोलावलं तर येतील."

मालुबाई तिच्याकडं बघत राहिली. तिला जे बोलायचं होतं ते वेगळंच होतं. ओव्हरसियरच्या नकाशात ओढ्याच्या तोंडाशी दोन मोऱ्या होत्या. बांधाचं काम चालू असताना ती रोज गड्यांची न्याहारी घेऊन जायची, तिनं डोळ्यांनी बघितलं होतं की मोरी एकच बांधली गेली. दुसरी जिथं यायची तिथं वखारीचा पाया येत होता. तिनं नागोजीला विचारलं होतं. पुढच्या वर्षी करू वैनी, आण्णाला सांगू नकोस, तो उगंच डोक्यात राख घालून घेईल, असं तो हसत म्हणाला होता. तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं होतं, एवढ्यानं काय होतंय. खरं तर तेही वाटलं नव्हतं. घरात इतक्या वर्षांनी जरा शांतता होती, ती तिला मोडायची नव्हती.

जयाबाईला हे ठाऊक असेल का, हे तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी भरमा पुन्हा काठी टाकून आला. नदीकडं तीन हात, आत साडेचार. तो परड्यात हातपाय धूत होता, आणि मालुबाई तांब्यानं पाणी ओतत होती. मोरीचं तिनं तेव्हाच सांगून टाकलं. सांगताना तिचा हात थांबला नाही, पाणी त्याच्या पायावर पडतच राहिलं.

भरमानं टाचा घासल्या, मग म्हणाला, "ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"बांध घातला त्याच दिवाळीत. एक मोरी न दिसायला मी काय आंधळा हाय?"

"मग बोलला न्हाईसा ते?"

त्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "दमलो हुतो गं. सात वर्सं न्हाय न्हाय म्हणून. पुन्यांदा भांडायचं म्हंजे तुझं उतरलेलं तोंड बघायला लागणार. म्हटलं, जाऊ दे. पाऊस काय दरसाली असा हुतोय."

मालुबाईला वाटलं होतं की तो चिडेल आणि मग आपल्याला मोकळं वाटेल. तसं काहीच झालं नाही. एकाच गोष्टीवर दोघंही दोन वर्षं गप्प होती, एका घरात, एकमेकांना सांभाळून घेत. त्या गप्प बसण्याचं पाणी आता परसूच्या घरात शिरलं होतं. तिनं रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली.

गुरुवारी पाऊस थांबला, ऊनही पडलं. नदी झपाट्यानं उतरायला लागली. पण आतलं पाणी चढतच होतं, कारण ओढा अजून वाहत होता. खालच्या आळीतली तीन घरं सकाळीच बसली. भिंत पडताना मोठा आवाज होत नाही, हे मालुबाईला तेव्हा कळलं. भिजलेली माती नुसती खाली बसते आणि कौलं तिच्यावर अलगद येऊन टेकतात. पडलेल्या घरांपैकी एक परसूचं होतं. माग आतच राहिला.

दुपारच्या आधी भरमाच्या काठीचं माप उलटलं. नदीकडं पाच हात, आत साडेतीन. मोरीची झडप उघडली, पण त्या एकट्या मोरीतून एवढं पाणी वेळेत निघणारं नव्हतं. त्याच सुमाराला कागलकडून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं की घाटाच्या अंगाला पहाटेपासून धो धो कोसळतंय आणि तिकडं नदी पुन्हा काठाला लागलीय. भरमानं हिशेब केला. खाली कृष्णेच्या भरल्या पाण्याची फुग होतीच, ती जास्तीचं पाणी पुढं लवकर सरकू देणार नव्हती. वरून नवं पाणी आलं की दिवस मावळायच्या आत नदी पुन्हा बांधाला भिडणार. मध्ये चार-पाच तास तेवढे होते. त्यात आतलं पाणी बाहेर काढून टाकलं नाही तर पुन्हा वाट नव्हती, आणि अख्खी आळी जाणार होती.

गावातली चाळीसेक माणसं कुदळी-खोरी घेऊन बांधावर गेली. फोडायची जागा एकच होती. बाकी सगळीकडं रान उंच होतं, पाणी लोटायचं ते ओढ्याच्या जुन्या तोंडाशीच, म्हणजे वखारीला खेटून. एकदा पाणी सुटलं की ते वखारीचा भराव घेऊन जाणार हे तिथं आलेल्या प्रत्येकाला कळत होतं. भरमानं सांगितलं की आधी तंबाखू काढा. आळीच्या माणसांना ते आवडलं नाही. आमची घरं बसताहेत आणि आम्ही शेठची तंबाखूची बोदं वाहायची का, असं एक-दोघं म्हणाले. परसू आत गेला आणि पहिलं बोद पाठीवर घेऊन बाहेर आला. मग बाकीचे गेले. तासाभरात निम्म्याहून जास्त माल गाडीवाटेवर रचला गेला. तंबाखूची धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात गेली होती, जो तो शिंकत होता, डोळे पुसत होता.

त्यातल्या एकाही बोदाला नागोजीनं हात लावला नाही. तो ओढ्याच्या तोंडाशी बांधावर बसून होता. माणसं कुदळी घेऊन त्याच्यापासून पंधरा पावलांवर थांबली. तो काही शिव्या देत नव्हता, धमकावत नव्हता. नुसता बसला होता. त्याला उचलून बाजूला ठेवणं दोन गड्यांचं काम होतं, पण कुणी पुढं होईना. बांधाच्या परवान्यावर त्याचं नाव होतं, आणि पहिला घाव घालणाऱ्याचं नाव सरकारात जाणार ही धास्तीही होती. भरमा त्याच्याशी बोलायला गेला आणि परत आला. मला बघितल्यावर तो जास्तच घट्ट होतोय, असं त्यानं मालुबाईला सांगितलं.

ती बांधावर चढली. गुडघे दुखत होते, माती निसरडी होती. उजव्या हाताला नदी, पिवळी, रुंद, फांद्या आणि कुजकं गवत घेऊन चाललेली. डाव्या हाताला आतलं पाणी, काळपट, गप्प, त्याच्यात आळीची कौलं. ती नागोजीच्या शेजारी बसली. लहानपणी रुसून बसला की ती अशीच शेजारी जाऊन बसायची आणि काही बोलायची नाही, मग तोच आधी बोलायचा. आज तो बोलेना. दिवस सरत होता.

"नागू, ऊठ," ती म्हणाली.

"तू तरी नको म्हणू, वैनी."

"तुझ्या आण्णाकडं मीच शब्द टाकला हुता. मोरीचं मला ठावं हुतं, तरी मी गप बसले. ह्या बांधात तुझ्याइतकीच मीबी हाय."

"ह्याच्यासाठी पाच वर्सं घातली मी. निपाणीत पाला झाडला, दुसऱ्याच्या वखारीत पडून झोपलो. आण्णानं जल्मभर नदीला वाट सोडली. काय मिळालं त्याला? मी एक गोष्ट उभी केली, एक, तर ती तुमी सगळी मिळून फोडायला आलाय."

"व्हय. फोडायला आलोय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. "तू माझी आई असतीस तर हितं आली नसतीस."

मालुबाईला वाटलं होतं की हे वाक्य कधी ना कधी येईल. नागोजी पाच वर्षांचा असताना, दहाचा असताना, लग्नात बोहल्यावर उभा असताना ते यायचं राहिलं होतं. ते आज आलं, आणि आलं तेव्हा तिच्यात दुखायलाही बळ उरलं नव्हतं.

"न्हाय रं, मी तुझी आई न्हाय," ती म्हणाली. "ती पुरातल्या तापानं मेली. खालच्या आळीतल्या आडाचं पाणी बाटलं हुतं, सगळा गाव तेच पीत हुता. मी तितं हुते, मी तिला बघितलंय. म्हणून आलेय."

ती उठली. मागं वळून परसूच्या हातातली कुदळ मागितली. परसू देईना. मालुबाईनं हात पुढं केला तो मागं घेतला नाही, तेव्हा त्यानं दिली. नागोजी बसला होता त्याच्या हातभर अंतरावर तिनं घाव घातला. माती पाटीभरही निघाली नाही. दोन वर्षांत रान उगवून मुळं आत गेली होती, बांध चांगला घट्ट बसला होता. तिनं पुन्हा घातला. तिसऱ्या घावाला भरमा शेजारी येऊन उभा राहिला, मग परसू, मग बाकीची माणसं. जयाबाईनं खोरं घेतलं आणि नवऱ्याकडं न बघता माती ओढायला लागली. नागोजी तिथून उठून जरा लांब जाऊन उभा राहिला.

अर्धा तास झाला. कमरेइतका खड्डा पडला, पण पाणी सुटायचं नाव घेईना. त्या ठिकाणी भराव धुमसून घातला होता, कुदळ आपटून परत येत होती. नदीच्या अंगाचं पाणी चढायला लागल्याचं एकानं ओरडून सांगितलं. भरमानं काठी टाकली. नदीकडं चार हात. त्यानं काठी खाली ठेवली आणि पुन्हा कुदळ धरली. त्याच्या हाताचे फोड फुटले होते.

तेव्हा नागोजी परत आला.

"हितं न्हाय," तो म्हणाला. आवाज बसला होता. "हितं मी रोळ फिरवलाय. तुमाला दिवस जाईल." तो वखारीच्या भिंतीकडं दहा पावलं गेला आणि पायानं जागा दाखवली. "हितं. दुसरी मोरी यायची हुती ती जागा. मागनं नुसती माती टाकून बुजवलीया. चुनखडी न्हाय, काय न्हाय."

कुणीच हललं नाही. त्यानं भरमाच्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतः घाव घालायला लागला. ती जागा खरोखरच सैल होती. वीस-पंचवीस घावांत आतून ओल दिसली, मग बोटभर धार, मग पाणी स्वतःच माती खाऊ लागलं. नागोजी मागं सरला तेव्हा त्याच्या पायाखालची कड सुटली. भरमानं त्याला दंडाला धरून ओढलं, आणि दोघं भाऊ चिखलात पडले. पाणी मोठा आवाज करत सुटलं. खिंडार वीतभराचं हातभर झालं, हातभराचं गाडीभर. वखारीची नदीकडची भिंत आधी गेली, मग आढं, मग नागोजीच्या दोन खोल्या. आत राहिलेला तंबाखू पाण्यात मिसळून नदीला लागला, आणि बरंच लांबवर पाण्याला काळसर पट्टा दिसत राहिला. नागोजी ते बघत उभा राहिला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही, मालुबाईसुद्धा.

दिवस मावळायला नदी पुन्हा चढली आणि खिंडारातून आत आली, पण तोवर आतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. ती मळीत पसरली, आळीच्या उंबऱ्यांना लागली आणि तिथंच थांबली. आधी बसली ती तीन घरं सोडून आळीतलं चौथं घर पडलं नाही.

त्यानंतर दहा दिवस नागोजी घरात होता, पण असून नसल्यासारखा. सोप्यात एका कोपऱ्यात बसायचा. भरमा आला की उठून परड्यात जायचा. जयाबाई मालुबाईशी बोलायची, कामाला हात लावायची, पण तिचंही लक्ष ट्रंकेकडं असायचं. बांध कुणी फोडला याची चौकशी होणार असं गावच्या कुलकर्ण्यानं आधीच कळवलं होतं. गावानं आपसात ठरवून टाकलं होतं की काहीच सांगायचं नाही, बांध आपोआप फुटला म्हणायचं. भरमाचं मत वेगळं होतं. त्यानं मालुबाईला सांगितलं की मी माझं नाव सांगणार, माझं वय झालंय, काय करतील ते करतील.

अकराव्या दिवशी सर्कलसाहेब आले. चावडीपुढं टेबल मांडलं, शेजारी कुलकर्णी दौत-टाक घेऊन बसला. साहेब धारवाडकडचे, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरायचे. त्यांनी खिंडार बघितलं होतं, आणि ते कुदळीचं आहे हे त्यांना कळलं होतं. बायका देवळाच्या ओट्यावर उभ्या होत्या, मालुबाईही त्यांच्यात होती. तिला तिथून सगळं ऐकू येत होतं.

"यारु?" साहेबांनी विचारलं. "कोण फोडला?"

भरमानं पटका सारखा केला आणि एक पाऊल पुढं टाकलं. त्याच्या आधी मागून नागोजीचा आवाज आला.

"मी."

साहेबांनी कागद बघितला. परवाना तुझ्याच नावाचा आहे ना, असं त्यांनी विचारलं. नागोजीनं हो म्हटलं. स्वतःचा बांध स्वतःच का फोडलास, असंही साहेबांनी विचारलं.

"नकाशात मोऱ्या दोन हुत्या, साहेब. मी एकच बांधली. वखारीला जागा पायजे हुती म्हणून. त्यानं गावात पाणी तुंबलं. हे बी लिवून घ्या."

कुलकर्ण्याचा टाक थांबला. साहेबांनी त्याला लिही म्हणून खूण केली. दंड होईल, पुन्हा परवाना मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि नागोजीनं मान हलवली. भरमा पुढं टाकलेलं पाऊल मागं न घेता तसाच उभा होता. नागोजीनं सही केली, आणि त्याच्याकडं न बघता त्याच्याजवळून निघून गेला.

घरी आल्यावर त्यानं गाडी जुंपायला सांगितली. वाचलेला माल निपाणीला पोचवायचा होता आणि गेलेल्या मालाचं शेठपुढं उभं राहून सांगायचं होतं. ते ठेवतील तर त्यांच्याच वखारीत राहीन, नाहीतर दुसरीकडं बघेन, असं त्यानं जयाबाईला सांगितलं. मालुबाईला वेगळं काही सांगितलं नाही. तिनं ताट वाढलं. तो बसेल की नाही याची तिला खात्री नव्हती. तो बसला. मान खाली घालून त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, आमटी पुन्हा मागून घेतली. ती समोर बसून होती. हात धुऊन आल्यावर तो तिच्या पाया पडला, आणि उठताना म्हणाला, "परसूच्या भिंतीला बांधावरची माती घेऊन जा म्हणावं. चांगली हाय ती."

गाडी वळणाआड गेली तरी ती अंगणात उभी राहिली. मग आत येऊन ताट उचललं, जागा सारवली. दिवस कलताना भरमा रानातून आला. सोप्यातला रिकामा कोपरा त्याला दिसला. तो बराच वेळ जोत्यावर टेकून पायाचा चिखल काडीनं काढत बसला.

"गेला?"

"गेला."

त्यानं दुसरा पाय वर घेतला. "जेवून?"

"व्हय," मालुबाई म्हणाली. "जेवून गेला."